तू कोण, हे न विचारता

प्रोग्रॅमिंगमधला पॉलिमॉर्फिझम शिकवायला घेतला की कुत्रा भुंकतोच. प्राणी नावाचा एक क्लास, म्हणजे कोडमधला साचा, त्यातून निघालेला कुत्रा, मांजर, जमलं तर गाय. सगळ्यांना ‘आवाज काढ’ म्हणायचं आणि प्रत्येकाने आपापला आवाज काढायचा. ज्या सरांना प्राण्यांचं वावडं असतं ते आकृत्या घेतात. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण आणि त्यांची क्षेत्रफळं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे जर्नलमध्ये उतरवून काढायचं, व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं की ‘वन नेम, मेनी फॉर्म्स’ असं एका दमात म्हणून टाकायचं, की विषय संपला. उत्तर चूक नाही. पण त्या उत्तरामुळे पुढे कुणाचं काही अडलेलं सुटलंय, असं मी तरी पाहिलेलं नाही. कुत्र्याला भुंकायला लावणारं सॉफ्टवेअर नोकरीत आजवर एकाही ग्राहकाने मागितलेलं नाही.

मी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. नातेवाइकांना ‘बँकेचं’ असं सांगून मोकळी होते, पण पतसंस्था हे वेगळं प्रकरण आहे. कारभार सहकार खात्याच्या अखत्यारीत, बाजारपेठेत एखाद्या पहिल्या मजल्यावर दोन काउंटर, मागे मॅनेजरसाहेबांची केबिन, भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो आणि त्याच्या शेजारी ठेवींच्या दरांचा फलक. कुत्र्या-मांजरांऐवजी तो फलक वर्गात टांगला तर निम्मं शिकवणं तिथेच होईल. सेव्हिंग, मुदत ठेव, आवर्त ठेव, आणि एजंट दुकानोदुकानी फिरून गोळा करतो ती पिग्मी. चारही ठेवीच, चारहींवर व्याज मिळतं, आणि ते काढायची रीत प्रत्येकीची निराळी.

मुदत ठेवीचं सोपं आहे. वर्षभरासाठी १२,००० रुपये ९ टक्क्यांनी ठेवले तर सरळव्याजाने वर्षाअखेर १,०८० रुपये होतात. आवर्त ठेवीतही माणूस वर्षभरात १२,००० च भरतो, पण दरमहा हजार-हजार करून. पहिला हप्ता बारा महिने राहतो, दुसरा अकरा, शेवटचा एकच. सगळे मिळून ७८ महिने. म्हणजे हजार रुपयांवर ७८ महिन्यांचं व्याज, ५८५ रुपये. फलकावर दर दोन्हीकडे ९ च लिहिलेला असतो, आणि ‘दर सारखा, मग पैसे कमी का?’ हा प्रश्न काउंटरवरच्या ताईंना आठवड्यातून एकदा तरी येतोच. सेव्हिंगची शिल्लक रोज हलते, तिथे रोजचा हिशेब. पिग्मीत आणखी एक मेख असते: ठराविक महिन्यांच्या आत खातं बंद केलं तर व्याज राहिलं बाजूला, एजंटला दिलेलं कमिशनच कापून घेतात.

आमच्याकडे एका संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर वारशाने आलं. ते कुणी लिहिलं ते सोडा. त्यात हा सगळा कारभार एका साखळीवर चालायचा. जर खात्याचा प्रकार ‘एफडी’ असेल तर असं कर, नाहीतर ‘आरडी’ असेल तर तसं कर, नाहीतर पिग्मी असेल तर, नाहीतर… साखळी एका जागी असती तर माझी तक्रार नव्हती. पण दिवसअखेरच्या कामात ती होती, खातेउताऱ्यात होती, मुदत संपलेल्या ठेवींच्या यादीत होती, ठेवतारण कर्जाची मर्यादा ठरवताना होती, वर्षाअखेर देय व्याजाची तरतूद काढताना तर होतीच होती. एकीकडे प्रकार अक्षरांत लिहिलेला, दुसरीकडे आकड्यात. एका फाइलमध्ये पिग्मीचं स्पेलिंग वेगळं. कोडमधला प्रत्येक तुकडा समोरच्या खात्याला आधी ‘तू कोण?’ असं विचारायचा आणि मग त्याच्याशी कसं वागायचं ते स्वतः ठरवायचा.

असल्या कोडचं वाईट हे की ते चालतं. वर्षानुवर्षं चालतं. मग एक दिवस मॅनेजरसाहेबांचा फोन येतो. ‘मॅडम, पाडव्यापासून एक नवीन स्कीम सुरू करतोय, संचालक मंडळाचा ठराव झालाय. दामदुप्पट. छोटंसंच काम आहे.’

दामदुप्पट म्हणजे ठेवलेले पैसे ठरलेल्या महिन्यांत दुप्पट. त्यांच्या ठरावात १०० महिने होते. ग्राहकाला समजायला याहून सोपी योजना नाही, आणि आमच्या कोडच्या दृष्टीने याहून अडचणीची नाही. कारण तिला दरच नाही. चक्रवाढीने उलटं गणित केलं तर वर्षाला ८.६७ टक्क्यांच्या आसपास पडतात, पण तो आकडा ना ठरावात आहे, ना पावतीवर, ना फलकावर. वचन दिलंय ते शेवटच्या रकमेचं.

आता अशा वेळी, ज्याने इंटरफेस (क्लासला विचारता येणाऱ्या प्रश्नांची, म्हणजे मेथडची, नुसती यादी) ही गोष्ट पुस्तकात वाचलेली आहे त्याला सहज सुचतं ते असं: ‘ठेव’ नावाचा इंटरफेस करावा, त्यात मुद्दल, दर आणि मुदत देणाऱ्या तीन मेथड ठेवाव्यात, प्रत्येक प्रकारच्या क्लासने त्या इम्प्लिमेंट कराव्यात, म्हणजे त्यांचा खरा कोड लिहावा. दिसायला छान. सगळ्यांना सारखे प्रश्न, सगळ्यांची आपापली उत्तरं. पण जरा नीट बघा. मुद्दल, दर, मुदत घेऊन खातेउतारा करणार काय? व्याज काढणार. ते काढायला त्याला पुन्हा कळायला हवं की हे ९ टक्के १,०८० वाले आहेत की ५८५ वाले. म्हणजे साखळी गेली कुठेच नाही, आपण फक्त तिच्यावर चादर घातली. आणि दामदुप्पटीने ‘दर’ विचारल्यावर द्यायचं काय? शून्य? ८.६७? मग चौथ्या दशांश स्थळाला पैसे चुकणार आणि १०० व्या महिन्यात आजोबा पावती घेऊन येतील तेव्हा लाखाचे दोन लाख होण्याऐवजी एक लाख नव्व्याण्णव हजार नऊशे काहीतरी निघणार.

उतारा छापणाऱ्याला दर नकोच असतो. त्याला हवं असतं, ‘३१ मार्चला तुझे किती देणं लागतो?’ या प्रश्नाचं उत्तर. तारण कर्जवाल्याला हवं असतं, ‘तुला आज मोडलं तर हातात किती येतील?’ फळ्यावर आम्ही शेवटी लिहिलं ते एवढंच होतं:

इंटरफेस ठेव {
    रक्कम देय(तारीख त्यादिवशी);
    रक्कम मोडल्यास(तारीख त्यादिवशी);
    तारीख मुदतसमाप्ती();
}

(जाता जाता: पहिला ‘इंटरफेस’ हा शब्द सोडला तर हे असंच्या असं देवनागरीत लिहिलेलं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चालतं. जावाच्या नावांना युनिकोडमधली अक्षरं, काना-मात्रांसकट, चालतात. आम्ही तसं लिहीत नाही, कारण कीबोर्ड सारखा बदलत बसायला कुणाला वेळ आहे? पण फळ्यावर मराठीच लिहितो, आणि भांडणं लवकर मिटतात.)

हे लिहिल्यावर साखळ्या गळून पडल्या. आवर्त ठेवीचे ७८ महिने आवर्त ठेवीच्या क्लासमध्ये गेले, पिग्मीचं कमिशन पिग्मीच्या क्लासमध्ये. दामदुप्पटीचा नवा क्लास लिहिला आणि दिवसअखेर, उतारा, यादी, तरतूद यांपैकी एकाही फाइलला हात लावावा लागला नाही. प्रकार ओळखून योग्य क्लास उभा करणारी एकच जागा उरली, डेटाबेसमधून खातं वाचताना. ती कुठेतरी राहतेच. कधीतरी एकदा ‘तू कोण’ विचारावंच लागतं. पण एकदा.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते अनेक रूपं नव्हे. इंटरफेस हा प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने लिहायचा असतो. देणाऱ्यांकडे काय काय समान आहे ते गोळा करत बसलं की मुद्दल-दर-मुदत निघतं. विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय, आणि काय माहीत नसलं तरी त्याचं चालेल, हे विचारलं की ‘देय’ निघतं. प्राणी आणि आकृत्यांच्या उदाहरणांत विचारणारा कधी नसतोच, म्हणून ती उदाहरणं पोकळ वाटतात. कुत्र्याचा आवाज कुणाला हवाय आणि कशाला, हे कुणीच सांगत नाही.

विचारणारा निश्चिंत असला की देणाऱ्याला आत बदलायची मोकळीक मिळते. याचं मोठं उदाहरण बँकांच्या सेव्हिंग खात्याचंच आहे. पूर्वी बँका महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरून व्याज द्यायच्या. पगार झाला, १५ तारखेला घरभाडं दिलं, की व्याज त्या उरलेल्या पैशांवर. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज काढायला लावलं. ज्यांच्या कोडमध्ये हा हिशेब एकाच दाराआड होता त्यांनी दाराआडची रीत बदलली. ज्यांच्याकडे तो पंचवीस जागी सांडलेला होता त्यांचा तो मार्च महिना कसा गेला असेल याची मला कल्पना करता येते.

या सगळ्याची सुरुवात ओस्लोमध्ये झाली असं धरतात. नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला ही भाषा केली, आणि १९६७ च्या तिच्या आवृत्तीत क्लास, सबक्लास आणि व्हर्च्युअल प्रोसिजर आले. हाक मारणारा एकच नाव घेतो, कुठला कोड धावायचा ते प्रत्यक्ष समोर असलेल्या ऑब्जेक्टवरून (क्लासच्या साच्यातून घडलेल्या वस्तूवरून) ठरतं, ही ती व्हर्च्युअलची गंमत. दोघांना त्यासाठी २००१ चं संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि २००२ मध्ये दोघंही गेले. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के यांनी स्मॉलटॉक ही भाषा केली. ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द आपण रूढ केला आणि लोक त्या शब्दालाच धरून बसले, याची त्यांनी नंतर खंत व्यक्त केली. त्यांच्या मते मूळ कल्पना होती एकमेकांना पाठवायच्या निरोपांची. मला हे फार पटतं. आमच्या कामातही क्लासची चित्रं काढण्यात वेळ जातो आणि कोण कुणाला काय विचारणार हे शेवटी ठरतं.

आणि याला क्लास लागतातच असंही नाही. लिनक्सचा गाभा सी भाषेत आहे, तिथे क्लास हा शब्दच नाही. तरी ‘फाइल ऑपरेशन्स’ नावाचं एक स्ट्रक्चर आहे: उघड, वाच, लिही वगैरे कामांसाठीच्या फंक्शनांचे पत्ते एकापाठोपाठ एक. डिस्कवरची फाइल आपले पत्ते भरते, कीबोर्डचा ड्रायव्हर आपले. वरचा प्रोग्रॅम ‘वाच’ म्हणतो आणि पलीकडे काय आहे याची फिकीर करत नाही. युनिक्सची ही जुनी सवय आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कुणी पॉलिमॉर्फिझम म्हणत नाही.

जावाने इंटरफेस हा क्लासपासून सुटा केला, म्हणजे दुसऱ्या क्लासच्या मेथडचा वारसा न घेता नुसतं वचन द्यायची सोय केली. वारशाचं काय होतं ते जावाच्याच लायब्ररीत दिसतं. स्टॅक हा क्लास व्हेक्टर या यादीच्या क्लासमधून काढलेला आहे. स्टॅकमध्ये वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं, एवढाच नियम. पण व्हेक्टरच्या सगळ्या मेथड वारशाने आल्यामुळे जावाच्या स्टॅकमध्ये तुम्ही मधेच काहीही खुपसू शकता. कुणी अडवत नाही. दशकं गेली, जुना कोड मोडेल म्हणून अजून ते तसंच आहे.

उलट जेडीबीसी, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलायची सोय, बघा. १९९७ च्या जेडीके १.१ या जावाच्या आवृत्तीत ते आलं. कनेक्शन, स्टेटमेंट, रिझल्टसेट हे सगळे नुसते इंटरफेस. प्रत्यक्ष काम करणारे क्लास डेटाबेसवाले लिहिणार. जावा लिहिणाऱ्यांना तेव्हा पोस्टग्रेस या डेटाबेसचं पोट कसं चालतं ते माहीत असायची गरज नव्हती, आणि आज मलाही नाही. अर्थात इथे एक फट आहे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, जाते ती साध्या मजकुराच्या रूपात, आणि त्या मजकुरात इंटरफेसचं राज्य चालत नाही. ऑरॅकलमध्ये रिकामा मजकूर आणि नल (‘माहितीच नाही’) एकच. पोस्टग्रेसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी. ‘ज्यांचं मधलं नाव रिकामं आहे ते सभासद’ ही क्वेरी एकीकडे यादी देते, दुसरीकडे काहीच देत नाही. कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपाइलर दोन्हीकडे खूश.

कंपाइलर खूश असणं आणि वचन पाळलं जाणं यात किती अंतर असतं, ते मला आवर्त ठेवीने दाखवलं.

वर सांगितलेल्या वारशाच्या कोडमध्ये आवर्त ठेवीचा हिशेब करणारा एक तुकडा आम्ही जसाच्या तसा नव्या क्लासमध्ये बसवला होता, कारण त्याचे आकडे बरोबर यायचे. ‘देय’ला तारीख दिली की रक्कम येते, सही (सिग्नेचर: मेथडचं नाव, तिला काय द्यायचं आणि ती काय देते) जुळते, सगळं ठीक. काही दिवसांनी शाखेतून फोन. पलीकडच्या ताई शांतपणे म्हणाल्या, ‘मॅडम, या खात्याचा उतारा छापला की व्याज वाढतंय.’ मला वाटलं प्रिंटरबद्दल बोलताहेत. ‘नाही हो, परत छापला, परत वाढलं. आता मी छापायचंच बंद केलंय.’ मूळ लिहिणाऱ्याने रक्कम काढता काढता व्याजाची जमानोंदही तिथेच टाकलेली होती. पूर्वी तो तुकडा तिमाहीतून एकदाच धावायचा, म्हणून कधी उघडकीला आलं नाही. आता ‘देय’ हा साधा प्रश्न होता, आणि प्रश्न कुणीही, कितीही वेळा विचारणार. मुदत ठेव विचारल्यावर उत्तर देत होती. आवर्त ठेव विचारल्यावर उत्तर देऊन शिवाय खतावणीत नोंद करून येत होती. सही दोघींची एकच.

संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये ऊप्सला (OOPSLA) या प्रोग्रॅमिंगच्या परिषदेतल्या बीजभाषणात नेमकी ही गोष्ट मांडली, आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासोबत निबंध लिहून ती गणिताने बांधली. एका प्रकाराच्या जागी दुसरा उभा केला तर वापरणाऱ्याला फरक पडता कामा नये. आणि हे नुसत्या मेथडच्या नावावरून, सहीवरून ठरत नाही, वागण्यावरून ठरतं. विचारल्यावर जग बदलत नाही, हे आमच्या ‘देय’चं एक न लिहिलेलं वचन होतं. आणखी एक होतं: मोडल्यावर मुद्दलापेक्षा कमी मिळणार नाही. तारण कर्जाचा कोड हे गृहीत धरून बसला होता, आणि कमिशन कापणारी पिग्मी ते रोज मोडत होती. गंमत म्हणजे पिग्मीचं बरोबर होतं, संस्थेचा नियमच तसा. इथे गृहीतकच बदलावं लागलं.

तेव्हापासून आम्ही इंटरफेसबरोबर चाचण्यांचा एक संच लिहितो आणि तो प्रत्येक ठेवीवर चालवतो. त्याच तारखेला दोनदा विचारलं तर उत्तर तेच यावं. खातं उघडण्याआधीची तारीख दिली तर सगळ्यांनी सारखाच नकार द्यावा. एकाने शून्य, दुसऱ्याने एक्सेप्शन (काम थांबवणारी चूक), तिसऱ्याने नल असं नको. हप्ता न भरता तारीख पुढे गेली तर देय कमी होऊ नये. ठेवीचा नवा प्रकार आला की त्याला आधी या संचातून जावं लागतं. कंपाइलर सही बघतो, हा संच चालचलणूक बघतो. सोयरिकीत पत्रिका जुळणं आणि माणसं जुळणं यात जितका फरक, तितकाच इथेही.

मोठ्यांच्याही घरी हे घडतं, हे सांगायला हवं. जावात ‘लिस्ट’ नावाचा इंटरफेस आहे, त्यात ‘ॲड’ आहे. पण ‘अरेज’ या क्लासच्या ‘ॲज-लिस्ट’ या मेथडने मिळालेल्या यादीत ॲड करून बघा: ‘हे जमत नाही’ म्हणून एक्सेप्शन तोंडावर येतं. इंटरफेसमध्ये मेथड आहे, आणि करणाऱ्याने ती करायचं नाकारलंय. दस्तऐवजात त्याला ‘ऐच्छिक’ असं म्हटलंय. लायब्ररी लिहिणाऱ्यांना हे खुपलं नसेल असं नाही. बदलता येणारी, न बदलणारी, फक्त वाढणारी अशा प्रत्येक छटेला वेगळा इंटरफेस केला तर त्यांचं पेव फुटेल, म्हणून त्यांनी जाणूनबुजून हा मार्ग घेतला. मला तो पटतो असं नाही, पण त्यांच्या जागी बसून मी काय केलं असतं हेही मला सांगता येत नाही.

शिवाय इंटरफेस एकदा जाहीर झाला की तो तुमचा राहत नाही. २०१४ मध्ये जावा ८ आणताना त्यांना लिस्टसारख्या जुन्या कलेक्शन इंटरफेसमध्ये ‘स्ट्रीम’सारख्या नव्या मेथड घालायच्या होत्या. पण इंटरफेसमध्ये एक मेथड वाढवली की जगात ज्या ज्या कुणी तो इम्प्लिमेंट केलाय त्यांचा कोड कंपाइल होणं बंद. म्हणून ‘डिफॉल्ट मेथड’ ही नवी सोयच भाषेत आणावी लागली: तुम्ही लिहिली नाहीत तर आम्ही आमची वापरू. गो भाषेने वेगळी वाट धरली. तिथला ‘रीडर’ हा इंटरफेस एका मेथडचा आहे. फाइल, नेटवर्कचं कनेक्शन, जीझिप उलगडणारा, गुंडाळून दिलेला साधा मजकूर, सगळे रीडर होतात, आणि ‘मी रीडर आहे’ असं जाहीर करावंही लागत नाही. एकच प्रश्न विचारणारा इंटरफेस मोडायला फार कमी जागा असते.

इतकं सगळं ऐकून नवीन आलेली मुलं दुसऱ्या टोकाला जातात. ‘ग्राहकसेवा’ नावाचा इंटरफेस आणि ‘ग्राहकसेवाइम्पल’ नावाचा त्याचा एकुलता एक क्लास. ‘पत्ता’ आणि ‘पत्ताइम्पल’. पुण्यातल्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये जा, इम्पलांची रांग लागलेली असते. का केलं विचारलं तर ‘उद्या दुसरं इम्प्लिमेंटेशन आलं तर?’ तो उद्या बहुतेकदा येत नाही. तोवर प्रत्येक मेथडवर क्लिक केलं की आपण कोडऐवजी एका रिकाम्या सहीवर जाऊन पोचतो आणि तिथून खरा कोड शोधायला पुन्हा एक उडी. पॉलिमॉर्फिझमची किंमत नेमकी इथे मोजावी लागते. हाक मारणाऱ्याला समोर कोण आहे ते कळत नाही, हे त्याचं सुख. पण रात्री दिवसअखेर अडकते आणि लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) नुसतं ‘ठेव.देय’ दिसतं, तेव्हा तिथे कोण होतं हे मला कळायलाच हवं असतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक ठेव आपलं नाव लॉगपुरतं सांगते. हिशेबासाठी ते नाव वापरायचं नाही, असा दंडक आहे, आणि तो मोडायचा मोह प्रत्येकाला कधी ना कधी होतो.

साखळी नेहमी वाईट असते असंही मी म्हणणार नाही. संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॅडलर यांनी १९९८ मध्ये या पेचाला ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ असं नाव दिलं. सारखे नवे प्रकार येत असतील तर इंटरफेस सोयीचा: एक क्लास वाढवा, बाकी तसंच. पण प्रकार तेच राहून सारखे नवे प्रश्न येत असतील तर इंटरफेस छळतो: एक प्रश्न वाढवला की प्रत्येक क्लास उघडा. पतसंस्थेत ठेवीचा नवा प्रकार दोन-चार वर्षांत एखादा येतो. ऑडिटरचा नवा तक्ता मात्र दर मार्चला येतो. म्हणून हिशेब आम्ही इंटरफेसमागे ठेवलाय आणि तक्ते बाहेर, तिथे सरळ प्रकार बघून फाटे फोडतो. जावा १७ मध्ये सील्ड इंटरफेस (ज्याचे प्रकार आधीच ठरलेले असतात) आणि २१ मध्ये पॅटर्नवाला स्विच (प्रकार बघून फाटे फोडणारा) आल्यापासून हे करताना एखादा प्रकार राहून गेला तर कंपाइलरच सांगतो. जुन्या साखळीला ही नजर नव्हती. शेवटच्या ‘नाहीतर’मध्ये सगळं गुपचूप गडप व्हायचं.

सध्या आम्ही कर्जांकडे वळलोय. वैयक्तिक कर्ज, वाहन कर्ज, सोनेतारण. माझी सहकारी, दोन वर्षांचा अनुभव असलेली, तिने ‘कर्ज’ इंटरफेसमध्ये थकबाकी, पुढचा हप्ता आणि जामीनदार अशा तीन मेथड लिहून आणल्या. मी म्हटलं, ‘सोनेतारणाला जामीनदार कुठून आणणार? तिथे दागिनेच जामीन.’

‘मॅडम, रिकामी यादी देईल ना ते. काही फुटत नाही.’

‘जामीनदारांची यादी मागतंय कोण?’

‘वसुलीची नोटीस.’

‘मग ती सोनेतारणाच्या थकबाकीदारालाही जाणार?’

तिने नोटिशीचा मसुदा उघडला. त्यात ‘आपण व आपले खालील जामीनदार’ असं वाक्य होतं, त्याखाली यादी, आणि त्याखाली ‘यांच्याकडून संयुक्तपणे वसूल करण्यात येईल’. सोनेतारणाला नोटीस वेगळीच असते, त्यात दागिन्यांचं वजन आणि लिलावाची तारीख लागते. थोडा वेळ विचार करून तिने जामीनदार ‘कर्ज’मधून काढले आणि ‘जामीनकीचं कर्ज’ असा दुसरा छोटा इंटरफेस केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली की वाहन कर्जाला जामीनदारही आहेत आणि तारण गाडीही आहे, त्याने दोन्ही इंटरफेस घेतले तर नोटीस कुठली जाणार? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मॅनेजरसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, ‘आधी जामीनदाराला पाठवायची. गाडी पळून जाते, जामीनदार गावातच असतो.’